खोकल्याचं निमित्त

दात अजूनही जरा जास्तच पांढरा दिसत होता. चिमट्यात धरून तिने तो खिडकीकडे नेला – दिव्याखाली नाही, खिडकीकडेच, कारण दिवा सगळ्यांशी सारखाच गोड बोलतो आणि खरं काय ते बाहेरचा उजेड सांगतो, हे ती इतकी वर्षं कृत्रिम दातांच्या प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आली होती. वरचा, समोरचा दात. कुणा बाईचा, तिने कधी न पाहिलेल्या. मुळाशी थोडा पिवळसर हवा, कडेला किंचित करडा, आणि मधे केसाइतकी एक चीर. तेवढं असलं की तोंडात बसल्यावर तो कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, शेजाऱ्यांमध्ये मिसळून जातो. तिने ब्रशचं टोक ओलं केलं, पिवळसर भुकटीत टेकवलं, आणि हात तसाच अधांतरी राहिला... कारण त्या पिवळ्या ठिपक्यातून तिला ती मधमाशी आठवली.

दोन काचांच्या मधली. लहानपणीच्या त्या परदेशी शहरातल्या घराच्या खिडक्यांना बाहेर एक काच आणि आत एक काच होती, मधे वीतभर जागा, आणि थंडी सुरू झाली की घरमालकीण त्या जागेत कापसाची लांब वळकटी अंथरून जायची, वारं आत शिरू नये म्हणून. त्या कापसावर एक मेलेली मधमाशी पडलेली होती, पंख शाबूत, जणू कुणी नीट निजवलेली. आठ वर्षांची ती, छातीला लोकरीचा पट्टा गुंडाळून खाटेवर बसलेली, खोकत खोकत त्या मधमाशीकडे बघत राहायची. आई यायची, काचेवर श्वास सोडायची आणि त्या धुक्यात बोटाने तिकडच्या भाषेतलं एक अक्षर काढायची. म्हण, म्हणायची. आणि ती तोंड उघडेपर्यंत अक्षर विरून गेलेलं असायचं, मग दोघी हसायच्या – म्हणजे आई हसायची, आणि तिचं हसणं खोकल्यात जायचं.

"तिकीट काढलंत का?" शेजारच्या टेबलावरची बाई कवळी घासता घासता विचारत होती.

"आज काढणार आहोत."

"आहोत म्हणजे? तुम्ही तर एकट्याच चालल्याहात म्हणे. भांडलात की काय घरी?"

"भांडायला चार दिवस कोण लांब जातं? ते तर घरच्या घरी होतं."

बाई हसली, आणि हसूनही थांबली नाही. "मग एकटीच का पण?"

"लहानपणी राहिले होते तिथं. बघून येते एकदा."

हे उत्तर चालायचं. मालकांना चाललं होतं, रजा मिळाली होती; लेकीला फोनवर चाललं होतं; नवऱ्याला अर्धवट चाललं होतं. एखाद्या बऱ्या जमलेल्या दातासारखं ते उत्तर होतं, कुणाच्या डोळ्यांवर न येणारं. आतलं खरं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगायला गेली असती तर ते तिचं तिलाच पोरकट वाटलं असतं – की आपल्यामुळे आईचं ते शहर सुटलं, आणि आईचे पाय आता थकलेत, तेव्हा आपण तरी जाऊन यावं. आईच्या वतीने. हिशेब असा काही नाही, पण...

पोरीला तिकडची हवा मानवली नाही. हे वाक्य तिने आयुष्यभर ऐकलं होतं. लग्नकार्यात, दवाखान्यात, पाहुणे जेवून हात पुसत असताना – "तुम्ही परत का हो आलात? चांगलं बस्तान बसलं होतं की!" – आणि बाबा घसा साफ करून म्हणायचे, पोरीला तिकडची हवा मानवली नाही. मग सगळे तिच्याकडे बघायचे. ती मोठी झाली, लग्न झालं, लेक झाली, तरी त्या वाक्यासरशी सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळायच्या, आणि तिला घशात खवखवल्यासारखं व्हायचं. त्या वेळी आई काही बोलायची नाही. काहीतरी घडी घालत असायची – रुमाल, टॉवेल, कधी नुसता कागदही.

आणि तिथली आई! तिथं ती हातमोज्यांच्या दुकानात कामाला लागली होती. भाषा येत नव्हती तेव्हा लागली आणि पानगळ संपायच्या आत दुकानातल्या गिऱ्हाइकांशी थट्टा करायला लागली. बाबा तिथं यंत्रं दुरुस्त करायला गेलेले, पण त्यांच्या तोंडून तिकडचा शब्द निघायचा नाही. डॉक्टरकडे, टपालात, सगळीकडे आईच पुढे आणि बाबा मागे, टोपी हातात घेऊन. शाळा सुटली की ती दुकानात जाऊन स्टुलावर बसायची. गिऱ्हाईक काउंटरवरच्या छोट्या उशीवर कोपर टेकवायचं, पंजा वर करायचं, आणि आई त्या परक्या हातावर चामड्याचा मोजा चढवायची – एकेक बोट करून, बोटांच्या बेचक्यात हलकेच दाबत, शेवटी मनगटावर एक चापटी. झालं. म्हाताऱ्यांचे हात, नव्या नवऱ्यांचे, एकदा एका पाद्र्याचा. सगळे जण जाताना आपला हात स्वतःचा नसल्यासारखा बघत जायचे. इतकी माणसं त्या एका काउंटरवर आईच्या हाताखालून गेली... आणि परत आल्यावर आईने कधी नोकरी केली नाही. का, ते विचारायची सोय नव्हती. उत्तर तिला ठाऊक होतं. उत्तर स्टुलावर बसून खोकत होतं.

दात भट्टीत गेला. शनिवार, अर्धा दिवस. हात धुऊन ती निघाली.

आई दोन रस्ते पलीकडे, बाबा गेल्यापासून तळमजल्यावर एकटी राहते – हट्टाने. "माझं मला होतंय तोवर मला कुणाच्या ताटाखालचं मांजर व्हायचं नाही," हे तिचं पालुपद. शनिवारी दुपारी तिची नखं कापायची, एवढं मात्र तिने मान्य केलंय, कारण डोळे आता नखांपर्यंत पोचत नाहीत. कोमट पाण्याचं भांडं, टॉवेल मांडीवर, आणि आईचा हात तिच्या हातात – हलका, थंड, वरची कातडी सैल. बाहेर कुणीतरी सायकलची साखळी चढवत होतं, त्याचा खडखड आवाज.

"मने, तू कधी निघणार?"

"पुढच्या महिन्यात. आज तिकीट."

"थंडी असेल."

"असू दे. आई... तुझ्यासाठी काय बघून येऊ? दुकान असेल का गं अजून?"

"कसलं दुकान?"

"मोज्यांचं."

आईने आपली बोटं पसरून बघितली. "ते कशाला राहतंय. हातमोजे आता कोण मापून घेतं?"

"तरी त्या गल्लीत जाऊन येते. तुझ्या वतीने."

"माझ्या वतीने?" आईने हात जरासा मागे घेतला, कात्री हवेतच राहिली. "मी बघितलंय सगळं. माझ्यासाठी नको जाऊस बाई. जायचं तर तुझी तू जा."

आणि मग – काय झालं ते तिला नंतर नीट सांगता आलं नसतं – पन्नास वर्षं दातांत अडकलेलं ते वाक्य तिच्या तोंडून अगदी सहज, कात्री पुसता पुसता निघून गेलं. "माझ्या खोकल्यापायी तुला परत यावं लागलं. म्हणून म्हणते."

"कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? सगळेच तर म्हणायचे. बाबा म्हणायचे."

"खोकल्याचं काय, तो सुंठीवाचून गेला असता," आई म्हणाली. "तिकडची निम्मी पोरं खोकायची हिवाळाभर. डॉक्टर तर हसले होते आपल्याला." मग खिडकीकडे बघत, कुणा तिसऱ्याचीच गोष्ट सांगावी तसं म्हणाली, "मला यायचं होतं. मी म्हटलं तुझ्या बाबांना, परत जाऊ या. त्यांचा तर विश्वासच बसेना."

"तुला? तुला तर तिथं..."

"आवडायचं. फार आवडायचं." आईने भिजलेला हात टॉवेलवर ठेवला. "एके दिवशी दुकान बंद करून घरी येत होते. पुलावर थांबले. पाण्यावर दिवे पडले होते. किती वेळ थांबले कोण जाणे, पण मने, मला आठवेचना की घरी कुणी आहे. तू आजारी घरात, बाबा कामावरून आलेले, चूल थंड – काही म्हणजे काही नाही. पार पुसून गेलं होतं. मी आपली उभी. मग घड्याळाचे टोले पडले तेव्हा आठवलं. आठवल्यावर धावत सुटायला हवं होतं ना? मी चालतच आले. सावकाश. त्याचं मला भय वाटलं."

आईचा दुसरा हात तिने भांड्यात सोडला, पाणी निवलं होतं.

"एवढं बरं वाटणं बरं नव्हे, असं वाटलं बघ. दुसऱ्या दिवशी बाबांना म्हटलं. त्यांनी एका शब्दाने का म्हणून विचारलं नाही. लोकांना काहीतरी सांगायला लागतंच, तर तुझा खोकला आयताच होता." आई हसली, ते हसणं तिने किती तरी वर्षांत ऐकलं नव्हतं. "तुला ते लागत असेल असं कधी मनातच आलं नाही. तू तर म्हणाली नाहीस कधी."

नाही म्हणाले. खरंच, मी कधी म्हणालेच नाही... बाबाही खरं कारण कधी म्हणाले नाहीत. टोपी हातात घेऊन मागे उभे राहणारे बाबा, ज्यांना ती मनातल्या मनात शहराचा शत्रू समजत आली होती, ज्यांच्या खांद्यावर तिने आपल्या खोकल्याचा अर्धा दोष ठेवला होता – ते तर त्या घसा साफ करण्यामागे आईला झाकत होते, एवढंच. आणि तिच्या खोकल्याचं पांघरूण करत होते. तिला बाबांचा राग यायला हवा होता. तो येईना, त्याऐवजी बाबांचे बूट आठवले, तिकडच्या घराच्या जिन्यात दारापाशी काढून ठेवलेले, ओले, एकमेकांना टेकलेले.

"एकटीच जाणार आहेस ना?" आईने विचारलं.

"हो."

"मग ठीक. अंगठ्याचं राहिलंय बघ."

घराकडे जाताना ती नेहमीच्या रस्त्याने गेली आणि एकदाही काही बघितलं नाही. पायांना कळत होतं. अंगात एक विचित्र हलकेपण होतं, पण सुखाचं नव्हे – दात काढल्यावर जीभ जशी पुन्हा पुन्हा त्या रिकाम्या जागी जाते आणि तिथं काही नसतं, तसं. आठ वर्षांच्या त्या पोरीला आता काय सांगायचं? उठ बाई, तुझ्यामुळे काही झालं नव्हतं. म्हणजे तू एवढी महत्त्वाची नव्हतीस. सगळ्यांच्या माना वळायच्या ते उगाच. हे ऐकून ती पोर खाटेवरून उड्या मारत उतरेल की हिरमुसून तशीच बसेल? आणि आता जायचं कशाला? कारण तर गेलं. चार दिवस, परकं शहर, हातमोज्यांचं दुकान नाही, कुणाचं देणं नाही... तर मग तिथं जाऊन उभं राहणारी बाई कोण?

नवरा संगणकासमोर बसला होता. सगळा जन्म जमिनीच्या मोजणीत गेलेला माणूस, निवृत्त झाल्यापासून त्याला मोजायला काही उरलं नव्हतं, तेव्हा तिचा प्रवास जाहीर झाल्यावर त्याने त्या शहरावर मोजणीची साखळी टाकली होती. ट्राम कुठून वळते, नदी कुठं रुंद होते, कुठल्या चौकात उतरलं तर चढ लागत नाही, सगळं त्याला पाठ झालेलं. न जाता ते शहर तिच्यापेक्षा त्यालाच जास्त ठाऊक होतं.

"हे बघ," तो म्हणाला, "मी दोन जागा धरून ठेवल्यात. नुसत्या धरून, नक्की नाही केल्या. तू म्हणशील तर..."

"अहो, आपलं बोलणं झालं होतं."

"झालं होतं. मान्य. मी तुझ्या मागेमागे फिरणार नाही. तू तुझं घर-बिर बघ, मी आपला हॉटेलात पेपर वाचत बसेन."

"तिकडच्या भाषेतला?"

"चित्रं बघेन." तो हसला. मग खुर्ची वळवून, चष्मा कपाळावर सारून, अगदी साध्या आवाजात म्हणाला, "मी अडवत नाही गं. एकटीच का, तेवढं सांगितलंस तर बरं वाटेल. माझं काही चुकलंय का?"

सकाळी तिच्याकडे दोन उत्तरं होती, एक लोकांना द्यायचं आणि एक लपवून ठेवायचं. आता दोन्ही नव्हती. तिने शोधून पाहिलं. नवऱ्याचं काही चुकलं नव्हतं. तीस-बत्तीस वर्षांच्या संसारात जेवढं चुकायचं तेवढं दोघांचं चुकून, फिटून झालं होतं. तो चांगला सोबती होता, गर्दीत तिची पिशवी धरणारा.

"तुमचं काही नाही," ती म्हणाली. "कारणच नाही काही. मला जायचंय."

स्वतःचं बोलणं तिला जरा मोठ्याने झाल्यासारखं वाटलं. कारण न देता काही मागितल्याचं तिला आठवेना – नवी चप्पलसुद्धा जुनी तुटल्याचं दाखवूनच घेतलेली.

तो तिच्याकडे बघत राहिला. रागावला नव्हता; जमिनीचा तुकडा कागदावरच्या आकड्यांशी जुळत नसला की बघायचा, तसा बघत होता. मग "बरं," म्हणाला, आणि पुन्हा पडद्याकडे वळला. कळांचा आवाज. एक जागा सोडून दिली असावी. थोड्या वेळाने मान न वळवता त्याने विचारलं,

"खिडकीची की कडेची?"

ती त्याच्या मागे उभी होती. नुकतेच केस कापून आला होता. मानेवर वस्तऱ्याची रेघ जरा तिरकी गेली होती आणि कानामागे साबण वाळून राहिला होता. एरवी तिने पदराच्या टोकाने तो पुसला असता. आज पुसला नाही. बघत राहिली – रेघ, साबण, कानाची पाळी – इतक्या बारकाईने, की जणू आज नाहीतर उद्या कुणीतरी तिला याबद्दल विचारणार आहे आणि तिने बरोबर सांगायला हवं. पुलावरच्या आईची ती भीती तिलाही जराशी शिवून गेली, आणि तिला ती नकोशी वाटली नाही.

"सांग ना," तो म्हणाला.

"थांबा जरा," ती म्हणाली, आणि खरोखरच विचार करू लागली.