बॉनेटवरचा काळा पंजा

टॅक्सीस्टँडवर सकाळपासून बघ्यांची झुंबड उडाली होती. आठवड्याभरात पाच टॅक्सींच्या बॉनेटवर आपोआप काळे पंजे उमटले होते. साबणाने धुवा, ब्रशने घासा, पंजा काही हलेना. उलट रोज आणखी काळा होई. दक्षिणा घेऊन डाग उतरवणाऱ्या डागबाबांनी मात्र निळ्या बाटलीतल्या तीर्थाचे चार थेंब फडक्यावर घेऊन "निघ, निघ" म्हटलं, की दोन मिनिटांत बॉनेट लख्ख.

"हा काळाचा हात आहे, लेकरांनो. या गाडीत बसेल त्याचा घात," बाबा डोळे मिटून म्हणाले. "पण आम्ही आहोत." शिष्य नुसता बाटली धरून बाजूला उभा होता, म्हणजे 'आम्ही' ते एकटेच, पण अशा लोकांना एकवचन पुरत नाही.

गर्दीत नर्सताई आपल्या धाकट्या भावाला शोधत आली. त्याच्याही टॅक्सीवर पंजा होता.

"अरे, तुझ्या बायकोला नववा महिना लागलाय, पाय सुजलेत, प्रेशर वाढलंय. डॉक्टरांनी आजच आणायला सांगितलंय ना?"

"पंजा गेल्याशिवाय बसवणार नाही, ताई. बाबांनी गुरुवार दिलाय."

"मग दुसऱ्या टॅक्सीने ने."

"तिच्यावरही उमटला तर?"

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पंजावर बोट टेकवलं. बोट चिकटलं. हा चिकटा तिच्या रोजच्या ओळखीचा होता. पेशंटची पट्टी काढली की कातडीवर गोंद राहतो, त्यावर मळ बसून काळी चौकट होते. पाण्याला ती दाद देत नाही, तेलाने सुटते. मग तिने बाबांचं फडकं उचलून हुंगलं. अत्तराच्या आड रॉकेलचा भपकारा होता.

"बाबा, पुढचा पंजा कुणाच्या गाडीवर?"

"नियती ठरवेल, बाई."

ताईने पर्समधून टाल्कम पावडरचा डबा काढला आणि रांगेतल्या स्वच्छ बॉनेटवर पावडर भुरभुरवून फुंकर मारत निघाली. पहिल्या तीन गाड्यांवरची उडून गेली. चौथ्या गाडीवर पाच बोटांचा पांढराशुभ्र पंजा राहिला.

"नियतीने गोंद आधीच लावून ठेवलाय. धूळ तेवढी बसायची होती," ताई म्हणाली. "तुमच्या गाड्या रोज फुकट पुसून कोण देतं?"

सगळ्यांनी बाबांच्या शिष्याकडे पाहिलं. त्याने दोन्ही हात खिशात घातले.

"देवाची चेष्टा महागात पडेल," बाबा गुरगुरले.

"देव कुठून आला यात? रॉकेल आलंय."

भावाने यापुढचं ऐकलंच नाही. तो धावत सुटला, पंजासकट गाडी घराकडे पिटाळली आणि बायकोला घेऊन हॉस्पिटल गाठलं. "संध्याकाळपर्यंत थांबला असता तर आई आणि बाळ दोघंही हातचे गेले असते," डॉक्टर म्हणाल्या. तो खाली मान घालून रडला.

दुपारी हॉस्पिटलच्या आवारात ताईने त्या पंजावर साधं खायचं तेल चोळलं, पाच मिनिटं मुरू दिलं, मऊ फडक्याने पुसलं, वरून साबणपाणी फिरवलं, आणि पंजा गेला. मागोमाग आलेले टॅक्सीवाले खुळ्यासारखे बघत राहिले.

"एवढंच होतं?" एकाने विचारलं.

"एवढंच. गोंद कुणाचा जीव घेत नाही, पण तुमच्या भीतीने आज दोन जीव घेतले असते. यापुढे असलं काही दिसलं तर हात जोडण्याआधी एकदा बोट लावून बघा."