रबरी हाताचं नाव

नाव विचारून ती थांबली.

टेबलावर रबरी हात उताणा पडला होता. शेकडो सुया टोचून कोपराजवळचं रबर पांढुरकं झालं होतं. पलीकडे मॅडम तपासयादी घेऊन बसल्या होत्या. चोवीस पायऱ्या, चोवीस चौकटी, वेळ बारा मिनिटं. प्रत्येक पायरी तोंडाने बोलून करायची. पहिली पायरी रुग्णाला त्याचं नाव विचारण्याची. ते तिने विचारलं होतं, आणि आता त्या हाताकडे बघत उभी होती.

"काकू, पुढे चला," मॅडम हळूच म्हणाल्या. "तो काही बोलणार नाही."

मागच्या बाकावरची पोरं फिसकन हसली. सगळी तिच्या मुलीच्या वयाची. तीन वर्षं या काकूंच्याच वह्या मागून नेत आलेली.

रुग्णालयात रक्त घेण्याच्या टेबलावर तिची बावीस वर्षं गेली होती. या मॅडम विद्यार्थिनी असताना शीर बोटाने कशी चाचपायची, हे त्यांनाही तिनेच दाखवलं होतं. मग नवा नियम आला. टेबलावर पदवीधरच हवा, पदविकावाल्यांनी नोंदणीच्या खिडकीत बसायचं. तिने वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी विद्यापीठात नाव घातलं. सकाळी काम, दुपारी वर्ग, संध्याकाळी स्वयंपाक, आणि भांडी आवरून झाल्यावर अभ्यास. लेखी पेपर सगळे सुटले. राहिला तो व्यावसायिक कौशल्यांचा. मागच्या खेपेला खरा रुग्ण होता; त्याने नाव सांगितल्यावर ती सवयीने मुकाट्याने काम करत गेली आणि न बोलल्याचे गुण गेले. आजची संधी शेवटची होती. चोवीसपैकी वीस चौकटी भरल्या की पदवी, नाहीतर एक तारखेपासून खिडकी.

महिनाभर लेकीने टॉवेलची गुंडाळी करून तिची तयारी घेतली होती. देवापुढे तासभर पुटपुटतेस, तो तरी कुठे उत्तर देतो, मग हाताशी बोलायला तुझं काय जातं, म्हणून चिडवायचीही. पण घरी टॉवेलच्या वतीने लेक नाव सांगायची. इथे सांगणारं कोणी नव्हतं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तिने एका बाईला नाव घेऊन, तुम्हीच का, असं विचारलं होतं. बाईने मान डोलावली. त्या बाईला ऐकू कमी यायचं, ती कशालाही मान डोलवायची, हे नंतर कळलं. नळीवर शेजारच्या खाटेवरल्या बाईचं नाव चिकटलं आणि त्या शेजारचीला भलत्याच गटाचं रक्त चढलं. ती वाचली नाही. गर्दीचा दिवस होता म्हणून वरच्यांनी सांभाळून घेतलं. त्या गेलेल्या बाईचा मुलगा अजून कधीतरी रस्त्यात भेटतो, बरं आहे ना ताई, म्हणून विचारतो. त्याला कोणी काही सांगितलेलं नाही. तेव्हापासून माणूस स्वतःच्या तोंडाने नाव सांगेपर्यंत तिचा हात सुईकडे जात नसे.

कार्डावर नाव लिहिलंय, ते वाचा, असं मॅडमनी सुचवलं. तिने वाचलं. तरी तिचा हात उचलेना. चार मिनिटं गेली. पोरंही हसायची थांबली. शेवटी मॅडम खुर्ची सरकवून उठल्या, रबरी हाताच्या खांद्यापाशी येऊन उभ्या राहिल्या आणि कार्डावरचं नाव त्यांनी आडनावासकट सांगितलं. पेशंट सांगतात तसंच, जरा घाबरून.

आता तिचा हात उचलला गेला. मग पट्टा बांधते, शीर बघते, स्पिरिट लावते, वाळू देते, असं हलक्या आवाजात एकेक बोलत ती पुढे गेली. माणसाची शीर बोटाखाली उसळते, ही नुसती रबरी नळी. तरी पहिल्याच टोचणीत लाल पाणी आलं. तिने पट्टा सोडला, सुई काढली, कापूस ठेवला आणि घंटी वाजली.

मॅडमनी चौकटी मोजल्या. अठरा. पुन्हा मोजल्या. मग पोरांकडे पाठ करून तिच्या कानाशी आल्या.

"कापूस दाबून धरायचा आणि नळीवर नाव घालायचं, या दोन तर मी तुमच्याकडूनच शिकले, काकू. टिक करते. कोणी विचारणार नाही."

पेन चौकटीवर टेकलेलं होतं. तिचे पाय इतके भरून आले होते की हो म्हणून तिथेच बसावंसं वाटलं. बावीस वर्षं ती उभीच होती. आता खिडकीत खुर्ची मिळेल, हा विचारही मनात येऊन गेला आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

"आज मी ते केलेलं नाही ना," ती म्हणाली. "न पाहिलेल्यावर खूण करू नकोस, बाळा. एकदा केलीस की सोपं वाटायला लागतं."

अठराच्या खाली सही करून मॅडमनी कागद पालथा ठेवला. पुढच्या मुलीला हाक मारायची होती, ती मात्र मारली नाही.

कापसाखालून लाल पाणी झिरपत होतं. टोचल्यावर दोन मिनिटं दाबून धरायचं असतं. तिने अंगठा घट्ट केला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत रबरी हात धरून उभी राहिली. पुढची मुलगी हातमोजे चढवून दाराशी आली होती. तिनेही घाई केली नाही.