संदेष्ट्याच्या लेकीचं नाव

बेथ-शमनच्या वेशीत बसणाऱ्या वडीलधाऱ्यांनी अमर्या संदेष्ट्याच्या लेकीचं नाव बदललं, तेव्हा ती पोटुशी होती आणि अश्शूरचं सैन्य उत्तरेकडची गावं एकामागून एक गिळत येत होतं.

बदलायला कारण नावच होतं. ती जन्मली तेव्हा अमर्याने तिला दोन्ही हातांवर घेऊन भर वेशीत आणलं आणि परमेश्वराने सांगितलेलं नाव मोठ्याने उच्चारलं, एन-योशेव. म्हणजे, इथे कुणी राहणार नाही. संदेष्ट्यांची ही रीतच असते, देवाचा निरोप पोरांच्या नावात बांधायची. बाप निरोप सांगून मोकळा होतो, पोरीला मात्र ते नाव घेऊन विहिरीवर जावं लागतं. तिची आई मरेपर्यंत तिला नुसतं "बाळ" म्हणत राहिली.

गावाने तिला कधी हाकच मारली नाही. कशी मारणार? दारात उभं राहून ते नाव घ्यायचं म्हणजे आपल्याच घराला शाप द्यायचा. आया पोरांना दटावायच्या, "तिला खेळायला बोलवायचं तर हात कर. तोंड उघडलंस तर थोबाड फोडीन!" लपाछपीत ती लपली की तिचं नाव घेऊन कुणी ती सापडल्याचं ओरडत नसे, सगळे घरी गेले की ती आपली आपणच बाहेर येई. पुढे तेलाच्या घाण्यावरच्या यारीबने तिच्याशी लग्न केलं. चांगला होता बिचारा, "पारवे" म्हणायचा. त्याच्या आईने, मिल्काने, तेवढीही तसदी घेतली नाही. "अगं ए" म्हटलं की सुनेने समजायचं. मग राजाची माणसं आली आणि यारीबला एका तटबंदीच्या शहरात पहाऱ्याला घेऊन गेली. पारवे म्हणणारंही कुणी राहिलं नाही.

अशा वेळी अमर्या वेशीत येऊन उभा राहिला. "सैन्य इकडेच वळलंय. रांजण सोडा, बागा सोडा, पूर्वेच्या रानातल्या गुहांत चला. उपाशी राहाल, लेकरं पाण्यासाठी रडतील, मी खोटं सांगत नाही. पण जो परमेश्वराच्या शब्दावर विश्वास ठेवील, तो जगेल."

"जैतुनाची फळं उतरवायची वेळ आली आणि हा म्हणतो गुहेत चला!" हशूब म्हातारा खेकसला. गावात त्याचीच बाग सगळ्यांत मोठी. "अरे, पोरीच्या नावाने तूच गावाला अवदसा आणलीस. हाकेहाकेला वाटोळं मागितलंस आमचं!"

आणि तिथेच कुणाच्या तरी डोक्यात आलं, की शाप नावात आहे, तर नावच काढून टाकू. लगेच तिला बोलावलं, डोक्यावर तेल ओतलं आणि नवं नाव दिलं, नोशेवेत. वसलेली. अमर्या ओरडत राहिला, की मी दूत आहे रे, सैन्य काही माझ्या पोरीला विचारून येत नाही. त्याला धक्के मारून वेशीबाहेर काढलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! पण गाव असं खूश झालं, की दोन मेंढ्या कापल्या. गुहांकडे जायला कुणी बोचकंसुद्धा बांधलं नाही.

तिचे दिवस मात्र सोन्याचे झाले. "नोशेवेत, ये गं पीठ चाळायला!" "नोशेवेत, अंजिराची वडी खा, दोन जिवांची आहेस!" या अंगणातून हाक, त्या गच्चीवरून हाक. घागर भरलेली असतानाही ती उगाच विहिरीवर जायची. हसू नका. जिला जन्मात कुणी हाक मारली नाही, तिला विचारा हाक काय असते. मिल्कासुद्धा "नोशेवेत, जेवून घे" म्हणाली, तेव्हा पोरगी भिंतीकडे तोंड करून रडली.

पण दिवस कलला की समोरच्या टेकडीवरून आवाज यायचा.

"एन-योशेव! एन-योशेव!"

बायका धडाधड दारं लावायच्या. कुणी पाट्यावर रिकामाच दगड घासत बसायची, आवाज बुडावा म्हणून. तो बुडायचा नाही. त्यात राग नव्हता, धमकी नव्हती. जेवायला बोलवावं तसा म्हातारा बोलवायचा, आणि सगळ्यांच्या अंगावर काटा यायचा. रोज सांजेला घसा आणखी बसलेला असायचा.

"थकत कसा नाही गं तुझा बाप?" मिल्का कानांवर हात ठेवून म्हणायची.

तो आवाज आला की तिच्या पोटातलं लेकरू ढुशी मारायचं. आणि हळूहळू तिच्या लक्षात यायला लागलं, की नोशेवेत म्हणून झालं की बायका तिच्याकडे बघतच नाहीत. त्या उत्तरेकडे बघतात, धूर कमी झाला का म्हणून. ती हाक त्या तिला मारतच नव्हत्या, सैन्याच्या तोंडावर मारत होत्या. तिला, तिलाच, बोलवणारा जगात एकच माणूस होता आणि तो टेकडीवर घसा फोडत होता. हे कळलं तेव्हा तिला फार एकटं वाटलं. गेली नाही तर पोटातलं पोर मरेल, आणि गेली तर आत्ताच मिळालेलं गाव कायमचं जाईल.

"आत्याबाई, चला ना," ती म्हणाली. "आबा आजवर कधी खोटं बोलले नाहीत."

मिल्का चुलीपुढून उठली नाही. "यारीब परत आला तर दार कोण उघडेल? मी नाही येत. तू जा. माझं नातवंड आहे तुझ्या पोटात." मग भाकऱ्यांचं फडकं तिच्याकडे सरकवत म्हणाली, "अगं ए, नीट जा."

ती वेशीत आली. सांज झाली होती. समोरून हाक आली आणि तिने सगळ्या गावादेखत ओ दिली, "आले, आबा!"

"त्या नावाला ओ दिलीस?" हशूबची सून किंचाळली. "उतरलेला शाप परत चढवलास, रांडे!" कालच अंजिराची वडी भरवणारी हीच. बायका तिच्या मागे थुंकल्या. ती पोट सावरत उतार उतरली, मागे वळून बघायची हिंमत तिला झाली नाही.

गुहेत हाल झाले. भाकऱ्या संपल्यावर टोळ भाजून खाल्ले, पहाटे दगडांवरचं दव चाटलं. एके दिवशी गावाच्या बाजूला धूर दिसला. जाड, काळा, जैतुनाच्या तेलाचा. ती मिल्काचं नाव घेऊन छाती पिटत राहिली. त्याच दणक्यात कळा सुरू झाल्या. म्हातारा भिंतीकडे तोंड करून देवाला आळवत होता. मुलगी झाली.

"हिचं नाव तुम्ही ठेवायचं नाही," ती लेकराला छातीशी दाबून म्हणाली. "देवाने येऊन सांगितलं तरी नाही."

"नाही ठेवणार," अमर्या म्हणाला. "एकदाच ठेवलं, बाळ. त्या दिवसापासून तुझी आई माझ्याशी बोलली नाही. तुला हाक मारताना दर वेळी वाटायचं, तुझं दुसरं काही नाव असतं तर."

सैन्य पुढे गेल्यावर ते उतरले. बेथ-शमनमध्ये कुत्रंही नव्हतं. ज्यांना मारलं नव्हतं त्यांना दोरांनी बांधून नेलं होतं. मिल्काचं दार सताड उघडं होतं, आत कुणी नव्हतं. यारीबचा पत्ता तर कधीच लागला नाही. वाऱ्याने कुठलंसं दार हललं की ती दचकून वळायची, वाटायचं, आत्ता कुणी तरी "अगं ए" म्हणेल.

"चल," बाप म्हणाला. "शब्द आहे त्याचा. इथे कुणी राहणार नाही."

"मी राहणार."

"शब्द खोटा पडेल, पोरी!"

"पडू दे. मला माझ्या नावाचा कंटाळा आलाय, आबा." तिने राख झाडली, पुरलेला एक रांजण उकरून तळाचे जव काढले आणि दळायला बसली.

अमर्याने ते बघितलं आणि तो गुपचूप वेशीकडे गेला. ज्याचा शब्द खोटा ठरेल त्या संदेष्ट्याला दगडांनी मारावं, हा आमचा कायदा. त्याने अंगावरचा संदेष्ट्याचा केसाळ झगा काढून ठेवला आणि गुन्हेगाराला बसवतात तिथे, धोंड्यांच्या ढिगापुढे, मान खाली घालून बसला. दिवसभर उन्हात तसाच बसला.

शेवटी ती लेकराला कडेवर घेऊन तिथे आली.

"मारायला मी एकटीच उरलेय, आबा," ती म्हणाली, "आणि माझे हात मोकळे नाहीत. उठा, भाकर गार होतेय."