नंदाबाईचं ताट

चिलापी मासोळीच्या पाठीवरचे काटे हाताला लागू नयेत म्हणून बबनरावांनी तिला डोक्याकडून मुठीत धरलं आणि तोंडातला गळ सोडवला. ही चौथी. पिशवीतल्या आधीच्या तिघी मधूनच फडफडत होत्या.

"झाल्या काय? आना इकडं," पलीकडे गळ टाकून बसलेले रामराव म्हणाले.

मार्चपासून असंच चाललं होतं. बबनराव मारेगावच्या एका शाळेत तीस वर्षं शिपाई होते, आणि तितकीच वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा खात होते. नागपूरला कॅन्सरचं ऑपरेशन झालं. उजवा जबडा आणि अर्धी जीभ गेली. गालाला छातीची कातडी लावली; तिथं माशी बसली तरी त्यांना कळत नसे. पातळ तेवढंच गिळता यायचं. तरी ते रोज सकाळी तलावावर येत आणि मिळालेली मासोळी रामरावांना देऊन घरी जात.

"आज नाई," ते म्हणाले. शब्द तोंडातच कालवले गेले, पण रामरावांना सवय झाली होती.

"घरी नेता? खाईन कोन जी?"

बबनरावांनी पिशवी उचलली.

काल दुपारी पाणी प्यायला ते स्वयंपाकघरात गेले, तर बायको, नंदाबाई, दाराकडे पाठ करून उभ्यानंच भाकर खात होती. भाकरीवर नुसतं तिखट. चाहूल लागताच तिनं घास तसाच गिळला आणि उरलेली भाकर पदराखाली घेतली. "भांडे घासून राह्यली," म्हणाली. तिच्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकलेल्या त्यांना दिसल्या. सहा महिने ती अशीच जेवत असणार. त्यांना राग आला नाही, रडूही आलं नाही. पाणी न पिताच ते खाटेवर येऊन बसले होते.

घरी पिशवी पाहून नंदाबाई म्हणाली, "कायले आनल्या? म्या सोडलं खानं."

"रस्सा कर."

ती जागची हलली नाही. मग बबनराव स्वतःच राख घेऊन न्हाणीजवळ बसले आणि दगडावर खवले घासू लागले. बऱ्याच वेळानं आतून कांदा भाजल्याचा वास आला. जिभेची चव गेली होती; वास मात्र त्यांना आला.

भाकर आणि रस्सा वाढून झाल्यावर ती ताट घेऊन आत वळली.

"इथं बस. माह्या समोर."

"तुमच्या समोर कसा उतरन घास?"

"दाराआड उतरते ना."

नंदाबाई खाली बसली. बबनरावांनी वरणाच्या पाण्याचा पेला बाजूला ठेवला, तिच्या ताटातली मासोळी ओढली आणि मधला काटा अलगद उचलून काढला. बारीक काटे बोटांनी चाचपून वेगळे केले. पांढरं मांस भाकरीच्या तुकड्यावर ठेवून तिच्यापुढं सरकवलं.

तिनं घास तोंडात घातला. सावकाश चावला.

"कसा झाला?" त्यांनी विचारलं.

"मीठ कमी हाय."

बबनरावांनी हात लांबवून मिठाची बरणी तिच्याजवळ ठेवली आणि दुसऱ्या मासोळीचे काटे काढायला घेतले.