चार बोटं सरकलेलं कपाट

चष्मेवाल्यांनी लेकीला सिनेमासाठी राहतं घर दिलं, पण एका अटीवर. सिनेमाची गोष्ट त्यांना कोणी सांगायची नाही. "खालची ओळ वाचा, अंदाजाने सांगू नका," असं आयुष्यभर गिऱ्हाइकांना बजावणारा माणूस. सिनेमाही त्यांना कोरी पाटी घेऊनच बघायचा होता. लेकीने शब्द दिला, आणि तिने शब्द दिला म्हणजे विषय संपला. हट्टीपणात ती वडिलांच्या एक पाऊल पुढेच होती.

भुताच्या घराचा सिनेमा आहे, एवढं त्यांना माहीत होतं. पैशाच्या नावाने ठणठणाट. लेक दिग्दर्शक, तिचा मित्र लांबू कॅमेऱ्यावर, आणि लांबूची बायको घरात एकट्या राहणाऱ्या बाईच्या भूमिकेत. मधल्या वेळात सगळ्यांचा चहाही तीच करायची. चष्मेवाले सकाळी दुकान उघडायला जात. संध्याकाळी परत येईपर्यंत मंडळी आवरून आपापल्या घरी गेलेली असत.

पहिल्या आठवड्यातच त्यांचा गुडघा कपाटावर आपटला. तीच खोली, तेच कपाट, आणि इतकी वर्षं ते तिथून दिवा न लावता ये-जा करत होते. मग खुर्चीने दगा दिला. कायम खिडकीकडे तोंड असलेली खुर्ची दाराकडे बघत होती. पाठोपाठ दिवाण. शूटिंगवाल्यांचा संशय आला नाही असं नाही, पण ती पोरं ओट्यावर चहाचा डागसुद्धा ठेवत नसत. सामान हलवलंच तर जागेवर ठेवून जाणार. मग राहिलं कोण? आपणच.

त्यांना थोरले दादा आठवले, त्यांचंही असंच सुरू झालं होतं. आधी वस्तूंच्या जागा चुकल्या, मग माणसांच्या. शेवटी शेवटी ते स्वतःच्या बायकोला अदबीने विचारत, "बाई, आपण कोणाकडे आलात?" वहिनी त्यात पार पिचून गेल्या. लेकीच्या वाट्याला ते येऊ द्यायचं नाही, एवढं चष्मेवाल्यांनी ठरवून टाकलं. दाढी करताना ते पाढे म्हणून बघू लागले. एकोणतीसचा अडला, पण तो शाळेतही अडायचा, त्यामुळे धीर धरावा की सोडावा ते कळेना. पुढे एकदा चष्मा फ्रिजमध्ये सापडला, त्या दिवसापासून पाढे बंद झाले.

एका संध्याकाळी लेक मुद्दाम मागे थांबली. सहज विचारावं तसं तिने विचारलं, "बाबा, घरात काही वेगळं वाटतंय का तुम्हाला?"

हिला कळलं, त्यांना वाटलं. "छे गं," ते म्हणाले, "सगळं जिथल्या तिथे आहे."

लेकीचा चेहरा पडला. त्याचा अर्थ त्यांनी आपल्या परीने लावला. दुसऱ्या दिवशी घरी येऊन बघतात तर कपाट चांगलं वीतभर पुढे आलेलं. दुखणं बळावतंय, असं मनाशी म्हणत ते गुडघ्याला तेल चोळत बसले.

गावाबाहेर म्हाताऱ्यांची सोय करणारी एक संस्था होती. तिथल्या बाईंशी ते गुपचूप बोलून आले. खोली छान होती, खिडकीतून ऊन येत होतं, आणि परतताना बसमध्ये त्यांना रडू आलं. दुकान विकायचं आणि इथे येऊन राहायचं. सिनेमा दाखवून होईपर्यंत ब्र काढायचा नाही, पोरीच्या आनंदावर विरजण नको. त्याच संध्याकाळी तिला सांगून टाकायचं.

रविवारी सकाळी भाड्याच्या छोट्या सभागृहात सिनेमा लागला. चष्मेवाले लेकीशेजारी बसले. बराच वेळ पडद्यावर काही म्हणजे काही घडेना. बाई चहा करते, कपड्यांच्या घड्या घालते, झोपते. मागच्या रांगेत एका गृहस्थांनी मोठ्याने जांभई दिली, तशी लेक नखं खायला लागली. मग पडद्यावरची बाई अंधारात उठली आणि तिचा गुडघा कपाटावर आपटला.

चष्मेवाले खुर्चीत पुढे सरकले. बाईने दिवा लावला. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे होतं. पुढच्या प्रसंगात खुर्ची दाराकडे वळलेली, त्यानंतर दिवाण. भूत असं कोणी आलंच नाही. घरच दिवसेंदिवस त्या बाईच्या अंथरुणाकडे सरकत होतं. पुढच्या रांगेत कुणीतरी नवऱ्याचा दंड घट्ट धरला. जांभईवाले गृहस्थ पाय वर घेऊन बसले होते. आणि त्या सगळ्या भेदरलेल्या लोकांत एकट्या चष्मेवाल्यांचा जीव भांड्यात पडला. ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"इतका वाईट झालाय?" लेक कुजबुजली.

"कपाट तुम्ही हलवत होतात?"

"रोज थोडं थोडं. जागेवर ठेवलं असतं तर दुसऱ्या दिवशी माप चुकलं असतं. पण तुमच्या लक्षातच आलं नाही, बाबा. सगळं जिथल्या तिथे आहे म्हणालात, आणि प्रेक्षकांनाही काही दिसणार नाही या भीतीने माझा धीरच सुटला. म्हणून मग वीतभर सरकवलं."

"पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं होतं," चष्मेवाले म्हणाले. "मला वाटलं, माझाही दादा होतोय."

दिवे लागले, लोक हात मिळवायला आले, पण लेकीचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. बाहेर पायऱ्यांवर बसून त्यांनी तिला सगळं सांगितलं, संस्था, ती खोली, बसमधलं रडूसुद्धा. ती आधी चिडली आणि मग रडली.

"मला एकदा विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

तिने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही. शब्द दिला होता."

दुपारी सगळ्यांनी मिळून कपाट भिंतीला लावलं. चष्मेवाले डोळे मिटून खोलीभर फिरले, कुठेही न आपटता. मग त्यांना आठवलं.

"आणि तो फ्रिजमधला चष्मा? तो सिनेमात कुठे दिसला नाही."

लेकीने लांबूकडे बघितलं, लांबूने बायकोकडे. तिघांनीही नकारार्थी माना हलवल्या.

कालपर्यंत त्यांनी हे पोटातच ठेवलं असतं. आता ते खिडकीकडे तोंड असलेल्या आपल्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मग तेवढा माझा. उद्या डॉक्टरांकडे दाखवून येऊ. तूही चल."

"चला," लेक म्हणाली, आणि तेलाची बाटली घेऊन त्यांच्या गुडघ्यापाशी खाली बसली.