नमुन्याचं पाणी

"खरवईच्या बिल्डिंगमध्ये राहायला गेलास आणि पाहुणाच झालास," बनूबाई पोहरा वर ओढत म्हणाली. "महिन्यातून एकदा तोंड दाखवायचं, तेपण कॅन घेऊन. आईकडे येतोस का विहिरीकडे?"

कैलास हसला. "साहेबांना तुझ्याच विहिरीचं पाणी लागतं, त्याला मी काय करू? आणि चहा कोराच टाक गं."

"घरात म्हशीचं दूध, आणि लेकाला कोरा चहा," असं पुटपुटत ती आत गेली. पण मनातून सुखावली होती. डंपिंगच्या उतारावर, कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी शुद्ध करायच्या प्लांटवर तिचा लेक ऑपरेटर होता. आणि तिथले साहेब तिच्या विहिरीचं पाणी पीत होते.

खालच्या पाड्यातली गयाबाई, आपल्या विहिरीला वास येतो म्हणून प्लांटवर दोनदा तक्रार करून आली होती. दोन्ही वेळा प्लांटच्या पाण्याचा रिपोर्ट चांगला निघाला. चार बायकांत बनूबाईनेच तिला सुनावलं होतं, "माझा पोरगा आहे तिथं. तुझी विहीर उपस आधी, मग बोंब मार." त्यानंतर गयाबाई तिच्याशी बोलली नव्हती.

चहा देऊन झाल्यावर पोह्यांची ताटली घेऊन ती मागल्या दारी आली. कैलास पायरीवर पाठमोरा बसला होता. पुढ्यात कागद चिकटवलेल्या दोन बाटल्या, विहिरीच्या पाण्याने भरलेल्या. कपातला कोरा चहा तो चमच्याने त्यांत सोडत होता, थेंब थेंब, बाटली उजेडाकडे धरून बघत.

बनूबाईने ताटली खाली ठेवली.

"हे साहेब पिणार?"

त्याने चमचा लपवला नाही. "नमुना आहे. लॅबला जातो. अगदी नितळ दिसलं तर संशय येतो."

"आणि तुमचं पाणी?"

"टाकीत हवा सोडायचं मशीन पावसाळ्यापासून बंद आहे, आई. साहेब म्हणाले, नमुना पास झाला पाहिजे, कसा ते तू बघ." त्याने बाटलीला झाकण लावलं. "टाकी भरली की तसंच काळं पाणी ओढ्यात सोडावं लागतं."

ओढा गयाबाईच्या विहिरीला लागून जात होता.

बनूबाईने बाटल्या उचलल्या. कागद निघू नयेत अशा बेताने पदराखाली घेतल्या आणि पायाने चपला चाचपू लागली.

"कुठे निघालीस?"

"गयाकडे."

"आई, नोकरी जाईल माझी."

"गेली तर दोन वेळचं मी घालीन." एक चप्पल पायात, एक बाहेर, अशी ती उभी राहिली. "पाणी माझ्या हातून काढवलंस, गयाला खोटं पाडायला तोंडही माझंच वापरलंस. चोर निघाला असतास तरी पोटाशी धरला असता, कैलास. तू मला चोर केलंस."