कापलेल्या कमानी

सर्र... सर्र... फार वर्षांपूर्वी ऐकलेला रंध्याचा तो आवाज अजून माझ्या लाकडात आहे. मी एक झुलती खुर्ची बोलतेय. निदान तेव्हा तरी झुलती होते.

मला आबांनी घडवलं. आबा सुतार. लाकूड एका मोडक्या पलंगाचं; पण पायांखाली त्यांनी दोन कमानी अशा बसवल्या, की नुसतं बोट लावलं तरी मी डुलायचे. हे सगळं त्यांच्या नातवंडासाठी, भिंगरीसाठी. ते पोर स्वमग्न. माणसं जमली की कोपरा धरायचं. माझ्यावर बसून डुलायला लागलं, की त्याचा श्वास हळूहळू जागेवर यायचा.

करवतीचा आवाज त्याला सोसायचा नाही. म्हणून करवत उचलली की आबा न चुकता म्हणायचे, "भिंगरी, कान झाक!" पोर कान झाकायचं, मान हलवायचं. मगच करवत चालायची.

सोळाव्या वर्षी डुलता डुलता ते म्हणालं, "आबा, मी मुलगी नाही."

"मग काय, मुलगा?"

"तसंही नाही. अजून नीट सांगता येत नाही. पण मुलगी म्हटलं की दुसऱ्याचे कपडे घातल्यासारखं टोचतं. आईला सांगू नका."

आबा हसले. "लाकडाला तरी कुठे ठाऊक असतं, टेबल होणार की खुर्ची? नाही सांगत, जा."

"पण मी लाकूड नाही, आबा."

आठ दिवसांत आईला सगळं कळलं, तेही आबांकडूनच. आबा घाबरले होते, एवढंच मी त्यांच्या बाजूने सांगू शकते. आई डॉक्टरांचा सल्ला घेऊन आली, "म्हणाले, अशा मुलांच्या डोक्यात काहीही बसतं. आधी ते डुलणं बंद करा, मग हेही जाईल."

आबांनी मला उताणं केलं. पोर दारातच उभं होतं. या वेळी हाक आली नाही. त्याचे हात कानांपर्यंत पोचायच्या आत माझी एक कमान खाली पडली होती.

त्यानंतर त्याचं जेवण सुटलं, झोप उडाली, बोलणं आटलं. आई म्हणायची, "बघा, कशी शांत बसते आता!" शांत कसलं? त्याच्या अंगातली थरथर मला रोज कळत होती. वर्षभराने एका समुपदेशक बाईंनी पहिल्यांदा त्यालाच विचारलं, "तुला काय वाटतं?" उत्तर यायला तीन भेटी लागल्या. मग ते हळूहळू सावरलं, आणि दुसरीकडे राहायला गेलं.

माणसांनो, कुणी विश्वासाने मन उघडलं, तर घाबरून त्याच्या पायाखालचं काढून घेऊ नका. माझं एवढंच मागणं आहे.

परवा ते आपली पुस्तकांची पेटी न्यायला आलं. आबांनी नव्या कमानी करून ठेवल्या होत्या. गुडघे टेकून म्हणाले, "चुकलो मी. पुन्हा बसवून देतो. टोक तेवढं कापायचंय." त्यांनी करवत उचलली. "कान झाक," म्हणाले, आणि मान हलायची वाट बघत राहिले.

पोराने कान झाकले नाहीत. माझ्या पाठीवर क्षणभर हात ठेवला, पेटी उचलली, आणि निघून गेलं.